वाचक विचारतात: मागचा एक्सल अरुंद करायचाय, सुरुवात कुठून करू?

रुंद टायर बॉडीच्या आत बसवायचे तर मागच्या एक्सलचं हाऊसिंग कापून लहान करावं लागतं, एवढं एकच वाक्य मागे एका उत्तरात लिहिलं होतं आणि त्यावर प्रश्नांचा ढीग आला. त्यातले काही निवडून घेतोय. हाऊसिंग म्हणजे मागच्या दोन चाकांमधली आडवी पोकळ नळी, जिच्या पोटात डिफरन्शियल (इंजिनची ताकद दोन्ही चाकांना वाटून देणारा दातेरी गाभा) आणि दोन शाफ्ट असतात. उदाहरणं जास्त करून फोर्डच्या ९ इंचीची (म्हणजे जिच्या आतल्या मोठ्या दातेरी चाकाचा व्यास ९ इंच असतो ती) दिलीत, १९५७ ते १९८६ एवढा काळ ती गाड्यांत येत होती आणि हे काम सगळ्यात जास्त तिच्यावरच केलं जातं. तुमच्याकडे दुसरी असेल तर आकडे बदलतील, पद्धत तीच.

प्रश्न: साडेअकरा इंच रुंदीचे टायर घालायचेत. हाऊसिंग किती कापायचं ते कसं काढायचं? ओळखीचा फिटर म्हणतो दोन्हीकडून तीन-तीन इंच उडव, बसतंय.

उत्तर: त्या फिटरला तुमचं रिम कुठलं ते माहितीये का? नसेल तर तीन इंच हा आकडा त्याने हवेतून काढलाय. आधी मोजायची ती बॉडीतली जागा, मग टायर आणि रिम, हाऊसिंगचा आकडा शेवटी वजाबाकीने निघतो.

गाडी सपाट जमिनीवर घ्या आणि स्प्रिंगवर पूर्ण वजन असू द्या, इंजिन-गिअरबॉक्स काढलेली रिकामी गाडी जॅकवर चढवून घेतलेली मापं काही कामाची नाहीत. मडगार्डच्या आतल्या कडेवरून ओळंबा सोडा, जमिनीवर खूण करा, दुसऱ्या बाजूलाही तेच. मग चासीच्या किंवा पाट्याच्या बाहेरच्या कडेची खूण, जे काही टायरच्या आतल्या बाजूला आधी लागेल त्याची. गाडीची मधली रेघ मात्र चासीवरून काढा, बॉडीवरून नको, कारण बॉडी चासीवर थोडी इकडेतिकडे बसलेली असणं अगदी नेहमीचं आहे आणि मग एका बाजूचा टायर घासतो आणि दुसऱ्या बाजूला हात घालता येतो.

आता आकडे. समजा मडगार्ड आत-ते-आत ६८ इंच, म्हणजे मधल्या रेघेपासून ३४. बाहेर १ इंच मोकळं ठेवलं तर टायरची बाहेरची भिंत ३३ वर आणि आतली २१.५ वर. चासी २० वर संपते असं धरू, आत दीड इंच राहिलं, ठीक आहे. टायरचा मध्य आला २७.२५ वर. रिम १० इंची, पण ते १० इंच टायर जिथे बसतो तिथलं माप असतं, कडा धरून पूर्ण रुंदी ११ च्या आसपास भरते. बॅकस्पेसिंग, म्हणजे रिमच्या आतल्या कडेपासून त्याच्या बसण्याच्या फेसपर्यंतचं अंतर, ५.५ असेल तर फेस बरोबर टायरच्या मध्यावर येतो आणि दोन्ही चाकांच्या फेसमधलं अंतर होतं ५४.५. तेच रिम ४.५ बॅकस्पेसिंगचं घेतलं तर ५२.५. रिममध्ये एका इंचाचा फरक, एक्सलमध्ये दोन इंचाचा! म्हणून रिम आणि टायर आधी घ्या, टायर चढवून हवा भरा आणि मग प्रत्यक्ष रुंदी मोजा, टायरवर छापलेल्या आकड्यावर जाऊ नका कारण रिमची रुंदी अर्ध्या इंचाने बदलली की टायरची एकूण रुंदी साधारण ०.२ इंचाने बदलते.

पुढे ५४.५ मधून ब्रेक ड्रमच्या किंवा डिस्कच्या फेसची जाडी दोन्हीकडची वजा, एकेक सूत (इंचाचा आठवा भाग) धरलं तर राहिले ५४.२५. मग ब्रेक ऑफसेट, म्हणजे शाफ्टच्या फ्लँजच्या (चाक जिच्यावर बसतं ती टोकाची चकती) बाहेरच्या फेसपासून हाऊसिंगच्या तोंडापर्यंतचं अंतर. मोठ्या बेअरिंगच्या एंडला (एंड म्हणजे नळीच्या टोकाला वेल्ड केलेला, बेअरिंग धरणारा तुकडा) अडीच इंच हे नेहमी दिसणारं माप आहे, तुमच्या ब्रेकचं वेगळं असू शकतं, मोजूनच घ्या. दोन्हीकडचे मिळून ५ गेले, हाऊसिंग तोंड-ते-तोंड ४९.२५ इंच. आता सध्याचं हाऊसिंग मोजा, जो फरक येईल तेवढं दोन्ही बाजू मिळून कापायचं.

प्रश्न: अलाइनमेंट बार आणि त्याचे पक लागतातच का? दोन चांगले अँगल घेऊन नळीला क्लॅम्प केले आणि वेल्डिंग केलं तर नाही का जमणार?

उत्तर: नळी सरळ राहील हो. पण आपल्याला नळी सरळ नकोय, आपल्याला दोन्ही टोकांच्या बेअरिंगच्या जागा डिफरन्शियलच्या बेअरिंगच्या रेषेत हव्यात. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कंपनीतून आलेली नळीसुद्धा बाहेरून अगदी सरळ असेलच असं नाही, मग तिच्या अंगाला अँगल बांधून काय मिळणार.

बार म्हणजे साधारण दीड इंच जाडीचा ग्राइंड केलेला सरळ दांडा, हाऊसिंगपेक्षा लांब. त्यावर चार पक, म्हणजे जाड चकत्या, मध्ये बाराच्या मापाचं भोक. दोन पक डिफरन्शियलच्या बेअरिंगच्या जागी, दोन हाऊसिंगच्या टोकांच्या बेअरिंगच्या जागी. ९ इंचीचं सोपं आहे, तिचा गाभा पुढून बोल्टने सुटून येतो, त्यामुळे क्राऊन-पिनियन (मोठं दातेरी चाक आणि त्याला फिरवणारं, गिअरबॉक्सकडून येणाऱ्या शाफ्टला जोडलेलं छोटं) काढून रिकामी केस परत हाऊसिंगला कसायची, तिच्यात पक ठेवून कॅप घट्ट करायच्या आणि बार आरपार घालायचा. हाऊसिंगमध्ये केस न घालता नुसते टोकाचे दोन पक वापरणारे लोक आहेत, त्याने दोन टोकं एकमेकांच्या रेषेत येतील पण मधल्या गाभ्याशी त्यांचा संबंध काय ते कळणारच नाही.

पक मागवताना केसचा बोअर मोजून घ्या. ९ इंचीतच डिफरन्शियल बेअरिंगचे बोअर २.८९१, ३.०६२ आणि नंतरच्या जड केसमध्ये ३.२५० इंच असे वेगवेगळे मिळतात, आणि टोकाला मोठं बेअरिंग ३.१५० चं तर लहान २.८३५ चं. चुकीचा पक घेऊन त्याच्याभोवती पत्र्याची पट्टी गुंडाळायची आणि बसवायचा, असं करायचं असेल तर बार न वापरलेलाच बरा.

एकाच एक्सलसाठी बार विकत घेणं जड जातं हे मान्य. भाड्याने मिळाला तर घ्या, किंवा हेच काम रोज करणाऱ्या वर्कशॉपकडून फक्त एंड वेल्ड करून घ्या आणि बाकी सगळं स्वतः करा. माझं मत विचाराल तर ही दुसरी वाट सगळ्यात शहाणपणाची आहे.

प्रश्न: कापायचं कुठून आणि आधी काय वेल्ड करायचं? मी आधी एंड लावून मग पाट्यांचे पर्च (पाटे ज्यांवर बसतात त्या बैठका) आणि मागची ब्रेस (नळीला मजबुती देणारी पट्टी) लावणार होतो.

उत्तर: थांबा, नेमकं उलट करा. एंड सगळ्यात शेवटी. या विषयात लोकांचं सगळ्यात जास्त नुकसान कशाने होत असेल तर ह्या क्रमाने.

वेल्ड थंड होताना आकसतो आणि स्वतःच्या बाजूला ओढतो. पर्च वरच्या अंगाला वेल्ड केले की नळीची वरची बाजू आखडते आणि टोकं वर जातात, म्हणजे चाकं डोक्याकडे आत झुकणार. मागच्या अंगाला लांबलचक ब्रेस मारली की टोकं मागे खेचली जातात आणि चाकांची पुढची बाजू बाहेर फाकते. हाऊसिंगचं अक्षरशः केळं होतं. आता तुम्ही बार घालून छान रेषेत लावलेले एंड या केळ्याच्या टोकांवर बसलेले आहेत, सगळी मेहनत पाण्यात. त्याऐवजी ब्रेस, पर्च, शॉकचे ब्रॅकेट, लिंकचे ब्रॅकेट, जे काही नळीला चिकटायचंय ते सगळं आधी चिकटवा, नळीला काय वाकायचं ते वाकू दे, आणि मग बार घालून एंड लावा. एंडची रेषा बार ठरवतो, नळी नाही.

फक्त पर्चच्या बाबतीत एक अडचण येते. पर्चचा कोन पिनियनच्या कोनावर ठरतो आणि तो गाडी स्वतःच्या वजनावर उभी असतानाच कळतो. त्यामुळे जुने एंड तसेच ठेवून हाऊसिंग गाडीखाली घाला, पिनियनचा कोन बघून पर्चला फक्त टॅक (ठिपक्याएवढा छोटा वेल्ड) मारा, बाहेर काढून पूर्ण वेल्ड करा, तेही छोट्या छोट्या तुकड्यांत आणि बाजू बदलत बदलत.

कापताना नळीभोवती पाइपचा जुबली क्लिप कसा, त्याची कड म्हणजे तुमची रेघ, ती नळीला आपोआप काटकोनात बसते. बँडसॉ असेल तर उत्तम, नसेल तर पातळ डिस्कचा ग्राइंडर चालतो पण मग कापलेलं तोंड गुण्या लावून फाइलने सारखं करायला वेळ काढा. दोन्ही बाजूंची मापं मधल्या केसच्या फेसवरून आणि पिनियनवरून घ्यायची, जुन्या टोकापासून नाही. नळी ३ इंची आणि पाव इंच जाडीची असेल तर कडेला व्ही मारावाच लागतो, नाहीतर वेल्ड वरच्या वर राहतो. जुने एंड लेथवर साफ करून परत वापरता येतात पण त्यांच्या आत राहिलेलं नळीचं टरफल काढण्यात टर्नरचा जीव जातो, नवे घ्या.

एंड लावताना अजून एक बघायचं ते म्हणजे त्यांचा फिरण्याचा कोन. फोर्डच्या एंडवरची चार भोकं चौरसात नसतात, आयतात असतात, त्यामुळे एक एंड जरा फिरला की त्या बाजूची ब्रेकची बॅकप्लेट तिरकी बसते आणि ब्लीडर (ब्रेकमधली हवा काढायचा स्क्रू) वर राहत नाही. पिनियन ठरलेल्या कोनात ठेवून दोन्ही एंडवर स्पिरिट लेव्हल ठेवा. मग घड्याळाच्या १२, ६, ३, ९ वर टॅक, प्रत्येक टॅकनंतर बार हाताने फिरवून आणि सरकवून बघायचा. अडला तर टॅक तोडायचा, हातोडी मारायची नाही. मग पाव गोल वेल्ड, समोरचा पाव गोल, दुसऱ्या एंडवर जा, परत या. नेहमीची ईआर७०एस-६ वायर चालते. पूर्ण थंड होईपर्यंत बार आत राहू दे, आणि घाईने पाणी ओतू नका.

आणि हो, वेल्डिंगच्या आधी नळीतलं जुनं तेल साफ करताना क्लोरीनवाला ब्रेक क्लीनर वापरू नका. त्याचा अंश राहिला आणि आर्क लागला की फॉस्जीन तयार होतो, तो विषारी वायू आहे, त्यात गंमत नाही. साबण-पाण्याने धुवा, वाळवा.

प्रश्न: हाऊसिंग लहान झालं, आता शाफ्टचं काय? मधून कापून स्लीव्ह घालून वेल्ड केले तर? चांगला वेल्डर आहे माझ्याकडे.

उत्तर: नको. वेल्डर कितीही चांगला असू दे. शाफ्टच्या वरच्या थराला हार्डनिंग केलेलं असतं, वेल्डच्या उष्णतेने ते त्या जागी जातं आणि बरोबर त्याच्या कडेला, जिथे कडक आणि मऊ लोखंड एकत्र येतं, तिथे शाफ्ट पिळवटून तुटतो. तो तुटतो तेव्हा गाडी उभी नसते.

मग दोन रस्ते. पहिला, जुना शाफ्ट टोकाकडून कापून नवे स्प्लाइन (डिफरन्शियलमध्ये अडकणारे टोकावरचे दाते) पाडणे. हे होऊ शकतं, पण सगळ्या शाफ्टवर नाही. कंपनीचे बरेच शाफ्ट स्प्लाइनच्या मागे बारीक होत जातात, तुम्ही कापल्यावर जिथे नवे स्प्लाइन पाडायचे तिथे तेवढी जाडीच शिल्लक नसते. २८ स्प्लाइनला साधारण १.२० इंच जाडी लागते, ३१ ला १.३३ च्या आसपास आणि ३५ ला १.५०. कॅलिपर लावून बघा, दोन मिनिटांचं काम आहे. जाडी पुरली तरी त्या कडक थरात दाते पाडायला मिलिंगवाल्याकडे डिव्हायडिंग हेड आणि कार्बाइड कटर पाहिजे. कोणी म्हणालं की आधी तापवून मऊ करतो मग पाडतो, तर शाफ्ट परत घेऊन या.

दुसरा रस्ता म्हणजे मापाने नवे शाफ्ट करून घेणे, आणि ताकद वाढवायची असेल तर हाच. पण ऑर्डर हाऊसिंग पूर्ण वेल्ड होऊन थंड झाल्यावरच द्या. प्रत्येक बाजूला एंडच्या तोंडापासून डिफरन्शियलच्या मधल्या पिनपर्यंत वेगळं माप घ्या, डावा उजवा सारखा असेल असं धरू नका. शाफ्ट आत पूर्ण स्प्लाइनभर शिरला पाहिजे पण पिनला टेकता कामा नये, एक ते दोन सूत मोकळं असावं. टोकाला थोडी मऊ माती लावून शाफ्ट घाला, बेअरिंगची प्लेट कसा, परत काढा, मातीची जाडी बघा.

प्रश्न: माझ्याकडे फोर्ड एक्सप्लोररची ८.८ इंची आहे, डिस्क ब्रेकवाली. हिला पण दोन्हीकडून कापायचं का?

उत्तर: बहुतेक नाही, नशीबवान आहात. १९९५ ते २००१ च्या एक्सप्लोररमध्ये आलेल्या ३१ स्प्लाइनच्या ८.८ मध्ये पिनियन मध्यावर नाही, डावीकडची नळी लांब आणि उजवीकडची आखूड आहे. लोक काय करतात, फक्त डावी नळी कापतात आणि उजव्या बाजूचाच आणखी एक आखूड शाफ्ट आणून डावीकडे घालतात. पिनियन मध्यावर येतो, एक्सल जवळपास तीन इंचाने अरुंद होतो आणि नवे शाफ्ट करायची गरजच पडत नाही. किती कापायचं? दोन जुने शाफ्ट शेजारी ठेवा, त्यांच्या लांबीतला फरक म्हणजेच कापायचं माप. तीन इंच पुरत नसतील तर मात्र वरचं सगळं पुराण लागू.

पण दोन गोष्टी ९ इंचीपेक्षा वेगळ्या आहेत. हिचा मधला गाभा ओतीव लोखंडाचा आहे आणि नळ्या त्यात दाबून बसवून प्लग वेल्ड (भोकातून भरून केलेला वेल्ड) केलेल्या असतात. जास्त ताकद लावली तर नळी गाभ्यात फिरते, म्हणून नळी आणि गाभ्याचा सांधा गोल वेल्ड करून घेतात. साध्या वायरने तो वेल्ड शेजारून तडकतो. गाभा आधी नीट तापवायचा, निकेलची रॉड वापरायची, थोडं थोडं वेल्ड करायचं आणि नंतर गुंडाळून सावकाश थंड होऊ द्यायचा. आणि हेसुद्धा नळी कापून जोडायच्या आधी, क्रमाचं कारण वर सांगितलंय. दुसरी गोष्ट, हिचे शाफ्ट आतल्या टोकाला सी-क्लिपने अडकवलेले असतात, बाहेर प्लेट नाही. शाफ्ट तुटला तर तुकड्यासकट चाक बाहेर येऊ शकतं. जोरात पळवायची गाडी असेल तर बेअरिंग बाहेरून धरणारे एंड लावायचा विचार करा, नाहीतरी नळी कापतच आहात.

प्रश्न: पिनियन गाडीच्या अगदी मध्यावर पाहिजेच ना?

उत्तर: नाही. कितीतरी गाड्यांत इंजिनच मध्यापासून थोडं सरकवलेलं असतं. गिअरबॉक्सचा शाफ्ट आणि पिनियनचा शाफ्ट एकमेकांना समांतर हवेत, वरून बघताना आणि बाजूनेही, म्हणजे दोन्ही युनिव्हर्सल जॉइंटचे कोन सारखे राहतात. मध्यावर आणायच्या हट्टापायी एका बाजूचा शाफ्ट खास करून घेणारे भेटतात, उगाच खर्च.

प्रश्न: अरुंद केलेलं हाऊसिंग तयारच घेतलं. एकाच बाजूचं सील सारखं गळतं, बेअरिंग दोनदा बदललं. विकणारा म्हणतो बेअरिंग खराब लॉटचं असेल.

उत्तर: एकाच बाजूला परत परत होतंय म्हणजे तो एंड रेषेत नाही, बेअरिंग बिचारं काय करणार. त्या बाजूचा शाफ्ट काढून त्याचे स्प्लाइन बघा, दात्यांवर चमक एकाच टोकाला दिसली तर शंका राहू नये. मग कुणाकडून तरी बार आणून घाला. बार तीन पकांतून जातो आणि चौथ्याला कुठल्या अंगाला आपटतो त्यावरून टोक कुठे गेलंय ते कळतं.

थोडंसंच गेलं असेल तर तापवून सरळ करता येतं आणि हे काम बघायला मजा येते. नळी ज्या बाजूला फुगलीये, म्हणजे टोक खाली लोंबत असेल तर वरच्या अंगाला, रुपयाएवढा ठिपका गॅसने लाल करायचा आणि सोडून द्यायचा. तो ठिपका फुगू बघतो, आजूबाजूचं थंड लोखंड त्याला फुगू देत नाही, मग थंड होताना तो आधीपेक्षा आखूड होतो आणि टोकाला वर ओढतो. एक ठिपका, पूर्ण थंड, बार घालून बघा, मग दुसरा. एंडच्या बेअरिंगच्या जागेवर आणि सीलजवळ मात्र ज्योत नेऊ नका. बराच बाक असेल तर ठिपक्यांनी काही होणार नाही, तो एंड कापून नव्याने लावा, आणि त्यात नळीचा एखादा सूत जाणार हे धरून शाफ्टची लांबी परत तपासा.

प्रश्न: सगळं झालं, पण गाडी गरम झाली की दोन्ही सील गळतात. बार तर हाताने फिरतोय.

उत्तर: ब्रीदर (आतली गरम हवा बाहेर सोडणारी छोटी नळी) कुठे आहे? नळी कापताना तो त्या तुकड्याबरोबर गेला असेल किंवा ब्रेसखाली झाकला गेला असेल. तेल तापलं की आतला दाब सीलमधूनच वाट काढतो. नळीच्या वरच्या अंगाला, क्राऊन व्हीलपासून लांब, नवं भोक पाडून ब्रीदर बसवा, पण त्याआधी शाफ्ट काढा आणि बुरादा नळीत पडणार नाही असं ड्रिलला भरपूर ग्रीस लावा. मग आतून चुंबक फिरवून घ्या.